एकच निरोप, दोन अर्थ : टीएनएफ नावाच्या प्रथिनाविषयी

(आपल्या मंचाच्या वसंत मेळाव्यात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी मजकूर तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेली चित्रं इथे देता आली नाहीत, त्याबद्दल क्षमस्व.)



जेवणानंतरची वेळ आणि विषय पेशींच्या मरणाचा. संयोजकांना मी म्हटलं होतं की मला सकाळी बोलू द्या, पण सकाळची वेळ शिक्षणहक्काच्या परिसंवादाला गेली. तेव्हा श्रीखंड पचवता पचवता ऐका. शास्त्राचा भाग मी शक्य तितका सोपा करणार आहे आणि मध्येच माझ्या घरातली एक गोष्ट सांगणार आहे. खरं तर त्या गोष्टीसाठीच मी हे आमंत्रण स्वीकारलं.

माझी ओळख करून देताना सांगितलं गेलंच की मी पेशीजीवशास्त्रात काम केलं. १९९१ साली सांगलीहून पीएचडीसाठी इथे आले आणि पुढची वीसेक वर्षं जवळजवळ एकाच प्रथिनामागे घालवली. त्याचं नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक. आपण त्याला टीएनएफ म्हणू. नाव ऐकून वाटतं की काम स्पष्ट आहे. पण पेट्रीडिशमधल्या साध्या मानवी पेशींवर तुम्ही हे प्रथिन ओतलंत तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. पेशी मजेत असतात. पीएचडीच्या पहिल्याच वर्षी मी तीन आठवडे हेच करत होते आणि मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय.

आधी पेशी मरते म्हणजे काय ते पाहू. भाजलं, चिरडलं, रक्तपुरवठा तुटला की पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. हा अपघात. पण शरीरात रोज अब्जावधी पेशी दुसऱ्याच एका पद्धतीने मरतात. पेशी आक्रसते, आतला डीएनए ठरावीक जागी कापला जातो, तिचे छोटे छोटे पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. गाजावाजा नाही, सूज नाही. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांमधल्या पेशी अशा मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला अ‍ॅपॉप्टोसिस असं नाव दिलं. हा ग्रीक शब्द, अर्थ झाडावरून पानं गळणं. आपल्याकडे पानगळ हा शब्द तयार आहे, तोच मी वापरेन. ही पानगळ घडवून आणणारी कात्री म्हणजे कॅस्पेज नावाची प्रथिनं. ती प्रत्येक पेशीत आधीपासूनच असतात, फक्त म्यानात.

आता टीएनएफकडे. त्याची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात झाली. न्यूयॉर्कचे एक सर्जन होते, विल्यम कोली. कर्करोगाच्या काही रुग्णांना मोठा जंतुसंसर्ग झाला की गाठ कधी कधी विरघळते, असं त्यांच्या लक्षात आलं. १८९१ पासून ते मुद्दामच रुग्णांना जंतू टोचू लागले. काही बरे झाले, काही त्या जंतूंनीच गेले. पुढे किरणोपचार आले आणि कोली मागे पडले. पण प्रश्न राहिला : गाठ नेमकं कोण मारतं? १९७५ साली न्यूयॉर्कच्याच स्लोन-केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड, एलिझाबेथ कार्सवेल आणि सहकाऱ्यांनी उत्तराचा धागा पकडला. त्यांनी उंदरांना आधी बीसीजी टोचलं, हो, तेच बीसीजी ज्याचा वण आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर आहे. मग त्या उंदरांना जंतूंच्या आवरणातलं विष दिलं. त्यांच्या रक्तातला द्रव काढून गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिला, तर गाठी आतून काळ्या पडून गळून गेल्या. त्या द्रवात जे होतं त्याला टीएनएफ नाव मिळालं. बीसीजी लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

१९८४ मध्ये जेनेनटेक कंपनीत हे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळालं. त्या कामात भारत अगरवाल हे भारतीय शास्त्रज्ञ आघाडीवर होते. त्यांचंही नाव लक्षात ठेवा. प्रथिन हाती आल्यावर सगळ्यांना वाटलं, कर्करोगाचं औषध मिळालं. पण १९८५ साली रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी यांनी दाखवलं की दीर्घ आजारात प्राण्यांना झिजवणारं एक प्रथिन ते शोधत होते, ते आणि टीएनएफ एकच. रुग्णांना टीएनएफ दिलं तेव्हा रक्तदाब कोसळायचा, ताप चढायचा. आज युरोपात ते फक्त एका खास पद्धतीत वापरतात : गाठ असलेल्या हातापायाचा रक्तप्रवाह उरलेल्या शरीरापासून तात्पुरता तोडून, तेवढ्याच भागात. म्हणजे गाठ मारणारं म्हणून ज्याची ख्याती, ते माणसालाच मारायला निघालेलं.

आता माझ्या न मरणाऱ्या पेशींकडे येते. प्रयोगशाळेत सगळ्यांना एक युक्ती माहीत होती. टीएनएफबरोबर सायक्लोहेक्झिमाइड द्यायचं. या रसायनाने पेशीला नवं प्रथिन बनवता येत नाही. मग रात्रीतून निम्म्याहून जास्त पेशी मरतात. मीही ते केलं आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्या आक्रसलेल्या, फुगे आलेल्या पेशी पाहिल्या. याचा अर्थ काय? टीएनएफ आलं की पेशी घाईघाईने काहीतरी नवीन बनवते आणि त्यामुळे वाचते. बनवू दिलं नाही तर मरते. मरणाचा निरोप आणि वाचण्याचा निरोप एकाच पाकिटात येतो.

वाचवणारा कोण, हे १९९५-९६ मध्ये कळलं. एनएफ-कॅपा-बी नावाचं एक प्रथिन १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं होतं. ते एरवी केंद्रकाबाहेर बांधून ठेवलेलं असतं. निरोप आला की बंधन तोडलं जातं, ते केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत अमर बेग यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात याचा मुख्य भाग नव्हता. ती पिल्लं जन्मालाच आली नाहीत. गर्भातच, पंधराव्या दिवसाच्या आसपास, त्यांच्या यकृतातल्या पेशींची प्रचंड पानगळ झाली. पुढे दुसऱ्यांनी अशाच उंदरांतून टीएनएफही काढून टाकलं, तर यकृत वाचलं. म्हणजे यकृताला टीएनएफचा निरोप नेहमी येतच असतो आणि एनएफ-कॅपा-बी असल्यामुळेच ते टिकून राहतं. १९९६ साली एकाच वेळी तीन गटांनी साध्या पेशींतही हेच दाखवलं. ते निबंध आमच्या प्रयोगशाळेत फोटोकॉपी होऊन फिरले त्या दिवशी दुपारी कोणीच काम केलं नाही. आम्ही नुसते भांडत होतो. फार आनंदाचं भांडण.

पण निवड नेमकी कधी आणि कुठे होते? याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर २००३ साली लोझानच्या युर्ग चॉप आणि ऑलिव्हिए मिशो यांनी दिलं. आपल्या वाड्यातल्या बैठकींसारखं समजा. टीएनएफ पेशीच्या दारावरच्या रिसेप्टरवर येऊन बसतं. दाराच्या आतल्या बाजूला लगेच काही प्रथिनं जमतात. ही ओसरीवरची बैठक. तिचा निर्णय : एनएफ-कॅपा-बी सोडा, बचावाची तयारी करा. तासाभराने यातलीच काही मंडळी उठून मागच्या अंगणात जातात. तिथे त्यांना दुसरे दोघे भेटतात, त्यातला एक कॅस्पेज-८, म्हणजे म्यानातली कात्री. आता तयारीत बनलेलं फ्लिप नावाचं प्रथिन वेळेवर अंगणात पोचलं असेल तर कॅस्पेज-८ आवरला जातो आणि पेशी जगते. फ्लिप पोचलं नाही, कारण ओसरीवरचा निर्णय अंमलातच आला नाही, तर कात्री चालते. सायक्लोहेक्झिमाइड हेच करत होतं. ते फ्लिप बनूच देत नव्हतं.

मला यात सौंदर्य दिसतं ते असं. विषाणू पेशीत शिरले की अनेकदा ते पेशीची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा आपल्या ताब्यात घेतात. अशी पेशी बचावाचं काही बनवू शकत नाही, तेव्हा टीएनएफ आल्यावर ती मरते आणि विषाणू तिच्याबरोबर जातो. निरोगी शेजारीण त्याच निरोपाने सावध होऊन वाचते. (कात्रीच कोणी मोडून ठेवली तर तिसरा, फुटून मरण्याचा मार्गही असतो, पण त्यात शिरले तर चहा थंड होईल.)

आता घरची गोष्ट.

२०१८ च्या हिवाळ्यात माझी बोटं सकाळी वळेनाशी झाली. आधी वाटलं थंडी. मग पोळी लाटताना लाटणं हातातून सुटायला लागलं. निदान झालं संधिवाताचं, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं. या आजारात सांध्यांच्या अस्तरात टीएनएफ मुबलक असतं आणि तिथे ते पेशींना मारत नाही. उलट एनएफ-कॅपा-बी सतत चालू ठेवून त्यांना जगवतं, सुजवतं, आणि त्या माजलेल्या अस्तराखाली कूर्चा आणि हाड खाल्लं जातं. वीस वर्षं ज्याचा अभ्यास केला ते माझ्या बोटांच्या पेरांत येऊन बसलं होतं. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तर त्या हसल्या, मग म्हणाल्या सॉरी.

टीएनएफ अडवून संधिवात बरा होईल ही कल्पना लंडनच्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांची. मैनींचा जन्म पंजाबातला, बालपण युगांडात. १९९२ मध्ये त्यांनी चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी अँटिबॉडी दिली आणि काही दिवसांत लोक जिने चढू लागले. त्याच कुळातली इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब ही औषधं आज लाखो लोक घेतात. मला अडॅलिमुमॅब सुचवलं गेलं आणि हातात एक फॉर्म दिला. त्यात प्रश्न होता : तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला क्षयरोग झाला होता का?

हा प्रश्न का, ते सांगते. क्षयाचे जंतू फुप्फुसात आले की भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि त्यांच्याभोवती आणखी पेशी जमून एक गाठ होते. जंतू मरत नाहीत, पण आत कोंडले जातात आणि तसे चाळीस-पन्नास वर्षंही राहू शकतात. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात असे कोंडलेले जंतू असावेत असा अंदाज आहे. त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. या कोंडवाड्याची राखण टीएनएफ करतं. आणि इथेही प्रमाणाचा खेळ आहे. टीएनएफ कमी पडलं तर भक्षक पेशी जंतूंना आवरू शकत नाहीत. फार झालं तर पेशी फुटून मरतात आणि जंतू बाहेर सांडतात. हे दुसरं २०१३ साली झेब्राफिश माशांत दाखवलं ते ललिता रामकृष्णन यांनी, त्या बडोद्यात शिकलेल्या.

इन्फ्लिक्सिमॅब १९९८ साली अमेरिकेत बाजारात आलं. २००१ साली एक निबंध आला : ते घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद, बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतबाहेर. निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला. त्यातले बहुतेक रुग्ण अशा देशांतले होते जिथे क्षय फारसा नाही. आपल्यासारख्यांचा तर विचारच करायला नको. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. त्यानंतर औषधावर ठळक इशारा आला आणि आधी चाचणी करणं सुरू झालं.

मी फॉर्मवर 'नाही' अशी खूण केली. अगदी मनापासून. आमच्या घरात क्षय नव्हता. माझे अण्णाकाका मी चार वर्षांची असताना गेले ते दम्याने, असं मला लहानपणापासून माहीत होतं.

आणि एक कबुली. १९९१ साली इथे आल्यावर विद्यापीठाच्या दवाखान्यात त्वचेची चाचणी झाली होती आणि हातावर चांगला रुपयाएवढा फुगवटा आला होता. गोळ्या घ्यायला सांगितल्या. मी घेतल्या नाहीत. आम्ही सगळेच भारतीय विद्यार्थी एकमेकांना सांगायचो, 'अरे, ते बीसीजीमुळे येतं, या लोकांना कळत नाही.' या सभागृहात किती जणांनी हे वाक्य म्हटलंय? (बरेच हात वर.) बघा. ते अर्धं खरं आहे म्हणून तर जास्त धोक्याचं. बीसीजीमुळे त्वचेची चाचणी फसू शकते, पण फसलीच असं त्यावरून ठरत नाही. आता रक्ताची चाचणी असते. ती जंतूंच्या अशा दोन प्रथिनांवर बेतलेली आहे जी बीसीजीत नसतातच. तेव्हा तिथे ही सबब चालत नाही. माझी रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली.

त्या रात्री मी सांगलीला आत्याला फोन केला. ती ब्याऐंशीची, पण स्मरण लख्ख. म्हटलं, आत्या, आपल्याकडे कोणाला क्षय होता का गं? पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

अण्णाकाका मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये सात महिने होते. घरी आणल्यावर माडीवरच्या खोलीत ठेवले. त्यांची ताटवाटी वेगळी. दम्याची गोष्ट आजीने ठरवून पसरवली, कारण आत्याचं आणि धाकट्या आत्याचं लग्न व्हायचं होतं. "घरात क्षय आहे म्हटल्यावर कोण आलं असतं गं बघायला?" आत्या म्हणाली. "आणि तू कार्टी, सारखी जिना चढून त्याच्याकडे जायचीस. तुला ओरडून ओरडून दमायचो. तो गोष्टी सांगायचा ना."

मला ती खोली आठवते. गोष्टी आठवत नाहीत, खिडकीतून येणारं ऊन आठवतं. मी आत्यावर रागावले नाही. पण हिशोब मांडा. एका घरानं १९७१ साली दोन मुलींच्या लग्नासाठी एक शब्द बदलला. तो बदललेला शब्द सत्तेचाळीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका फॉर्मवर मी खरा म्हणून लिहिला. रक्ताची चाचणी झाली नसती आणि फक्त फॉर्मवर विसंबून इंजेक्शन दिलं गेलं असतं तर? मी शास्त्रज्ञ असून मला हे माहीत नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांच्या घरातला 'दमा', 'छातीचा विकार', 'अशक्तपणा' खरोखर तोच होता, हे तुम्ही खात्रीने सांगू शकाल?

उपाय साधा होता. चार महिने रिफॅम्पिन. लघवी नारंगी, अश्रूही नारंगी. हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. महिना झाल्यावर अडॅलिमुमॅबचं पहिलं इंजेक्शन घेतलं. आता दर पंधरा दिवसांनी मी स्वतःच टोचून घेते. पोळ्या पुन्हा गोल नाहीत, पण त्या आधीही नव्हत्या.

शेवटचा विषय हळदीचा, कारण तो निघणारच आहे. माझ्या आजाराची बातमी पसरल्यावर निदान तीस नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर हळद पाठवली. 'करक्युमिन टीएनएफ आणि एनएफ-कॅपा-बी दोन्ही थांबवतं, अमेरिकेतल्या भारतीय शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय.' ते शास्त्रज्ञ म्हणजे मघाचे भारत अगरवाल. टीएनएफ शुद्ध करण्याचं त्यांचं काम पक्कं. पण करक्युमिनवरचे त्यांचे बरेच निबंध पुढे मासिकांनी मागे घेतले. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी करक्युमिनचा सगळा आढावा घेतला. ते रक्तात जेमतेम पोचतं, पटकन तुटतं, आणि कसोटीला उतरलेली एकही कडक चाचणी त्यांना सापडली नाही. आपल्याला हळदीचा अभिमान आहे, माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ साली अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द करून घेतलं तेव्हा मीही इथे पेढे वाटले होते. पण त्या लढ्यात सिद्ध झालं ते एवढंच की जखमेवर हळद लावणं हा नवा शोध नाही.

आणि जरा विचार करा. एखादी गोळी खरंच सगळ्या शरीरातला एनएफ-कॅपा-बी बंद करत असती, तर त्या न जन्मलेल्या उंदरांच्या यकृताचं काय झालं ते मी आत्ताच सांगितलं. तसं होत नाही, कारण गोळी ते करतच नाही. (हळदीच्या जोरकस गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र अमेरिकेत आहेत, त्याचं कारण वेगळं आहे.) आमटीत हळद घालाच. माझ्याही आमटीत असते.

आत्या गेल्या वर्षी गेली. त्या फोननंतर तिने धाकट्या आत्याच्या मुलांना, नातवंडांना, सगळ्यांना एकेक करून फोन करून अण्णाकाकांचं सांगितलं. पुण्यातल्या माझ्या मावसभावाच्या मुलीने मला विचारलं की आजी एकदम असं का बोलायला लागली. मी तिला चाचणीचं नाव लिहून पाठवलं.

प्रश्न असतील तर घेते. पाठीमागे कोणाचा तरी हात मघापासून वर आहे.